कलकत्ता ते रंगून, चार तास

रंगून, १२ नोव्हेंबर १९५३

ती. आईस अरुंधतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तार मिळाली असेलच. मी सुखरूप पोचले. विमान तू म्हणत होतीस तसं मुळीच हलत नाही. शेजारच्या बाईंचा हात मात्र मी उतरेपर्यंत सोडला नव्हता. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांना सांग, त्यांची फूटपट्टी जिंकली. नकाशावर साडेसहाशे मैल मोजून त्यांनी चार तास काढले होते, म्हणजे सातला निघून अकराला पोचणार. तिकिटावर बारा लिहिलेले, म्हणून आपण दोघी त्यांना किती हसलो. ते म्हणालेच होते, "देख लेना." आणि तू तिकिटावर विश्वास ठेवून, विमान टेकेपर्यंत म्हणजे बारापर्यंत, पाण्याचा घोटही न घेण्याचं ठरवलंस.

उतरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते. आता आईही पानावर बसली असेल, असं म्हणून मी तुझ्या गुळपापडीचा डबा उघडला. तेवढ्यात मला घ्यायला आलेले हे म्हणाले, "अगं, इथलं घड्याळ तासभर पुढे आहे. तुकोगंजात तुमच्या घरी आत्ता कुठे अकरा होतायत."

तोंडाशी नेलेली वडी मी परत डब्यात ठेवली.

"आता काय?" हे हसत म्हणाले.

"आता बसा," मी म्हटलं.

तिथेच ट्रंकेवर आम्ही दोघं गप्पा मारत बसलो. भिंतीवर एक वाजला, आणि मग आपण तिघं एकदम जेवलो.

तुझी,
अरू