कणसाचा कान

सर, तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्याकडेच आहे. उतरवून घ्यायची म्हणून मी ती लातूरला नेली होती, म्हणून ती वाचली. तुम्ही वाचला नाहीत. डावीकडे कानाला सारखे लागणारे इंग्रजीतले दोन-दोन शब्द, उजवीकडे प्रत्येकाचं कूळ: मूळचा कुठला, पहिला अर्थ काय, वाटेत काय झालं. आणि जिथं कूळ सापडलं नाही तिथं कोरी ओळ. 'ठावं नसलं की जागा सोडायची,' तुम्ही सांगायचात. 'पुढं ज्याला घावंल त्यानं लिहावं.'

सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं मुलं तुमच्या स्वयंपाकघरातच शिकायला बसायचो. काकू भाकरी थापताहेत, आणि तुम्ही विचारताय, 'फुलाला आन् पिठाला इंग्रजीत उच्चार एकच, फ्लावर. सख्खे हायेत का नुसते शेजारी?' मग तुम्हीच सांगताय, 'सख्खे हायेत! दळणातलं सगळ्यात बारीक, सगळ्यात चांगलं, ते त्या दळणाचं फूल.' काकू हात न थांबवता म्हणतात, 'मंग आज फुलाचीच भाकर खावा. कोरड्यास भाजी-डाळ काई न्हाई.'

त्याच दिवशी पुढची जोडी निघाली. 'इअर' म्हणजे कान आणि 'इअर' म्हणजे कणीसही. तिच्यापुढं ओळ कोरी. मी तेव्हा कविता पाठ करत बांधाबांधानं हिंडणारा. म्हणालो, 'सर, कणीस वाऱ्याचं ऐकतं, म्हणून त्याला कान म्हटलं असेल.' तुम्ही वहीवरून मान वर केलीत. 'लई गोड हाय रे. पर खरं हाय का?' 'वाटतं तसं.' 'वाटतं ते कवितेच्या वहीत लिही. ह्या वहीत न्हाई.' मी आठवडाभर रुसलो होतो.

भूकंपाच्या दिवशी मी लातूरहून मिळेल त्या ट्रकनं गावी पोचलो, तर गल्ली कुठली तेच कळेना. नुसते दगड आणि धाब्याच्या घरांची पांढरी माती. लोक आपापल्या माणसांची नावं घेऊन हाका मारत होते. मला तुम्हाला 'सर' याखेरीज हाक मारायची सवय नव्हती, आणि त्या हाकेला दर वेळी मदतीला आलेले दुसऱ्याच गावचे एक मास्तर वळून बघायचे.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. मीही एकात इंग्रजी शिकवू लागलो, तुमची वही हातात धरून. बाकांवर मुलं मावायची नाहीत. एका दुपारी ती जोडी आली. एवढ्या पोरांपुढं 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळेना. मी वाऱ्याची आणि कणसाची गोष्ट सांगितली. वर्गात टाळ्या पडल्या. मागून एक मुलगी उठली. 'सर, हे कुठं लिहून हाय?' मी वही उंच धरली. 'माझ्या सरांनी शोधलंय. भूकंपात गेले ते.' त्यावर कोण काय विचारणार? त्याच संध्याकाळी मी ती कोरी ओळ भरली, तुमच्यासारखं अक्षर काढून. पुढं मोठ्या कोशात पाहिलं. कानाचं मूळ वेगळं, कणसाचं वेगळं, टोकदार असण्याचं. वाऱ्याचा काही संबंध नाही.

गेल्या आठवड्यात नात नांदेडहून आली. ती तिथं क्लासला असते. 'आबा, एक खेड्यातले सर होते म्हणं,' ती सांगू लागली, आणि कणसाची सगळी गोष्ट तिनं मलाच सांगितली. 'भूकंपात गेले ते. सांगताना आमच्या सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच होते का हो ते?'

'होते,' मी म्हणालो.

गावात तुम्हाला ओळखणारं आता कोणी राहिलं नाही, सर. लोकांच्या तोंडी तुमचं एवढंच आहे, जे तुम्ही कधी बोलला नाहीत ते. ती ओळ खोडली तर तुम्हीही पुसले जाल, असं मी स्वतःला समजावून सांगतो. पण ते काही खरं कारण नाही. ती गोष्ट मी रचलेली, हे मी तिला सांगितलं नाही. उलट म्हणालो, पुन्हा एकदा सांग गं, आणि डोळे मिटून ऐकत बसलो.