चाकावरची शाळा

पेडगाव, ता. जि. परभणी
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. नीलमला बाबांचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमची खुशाली आम्हाला हल्ली साऱ्या जगाबरोबर मोबाइलवर कळते. नागसेनचा पुढचा दात पडला, हे तुझी आई दळण टाकायला गेली तेव्हा गिरणीत शेजारणीने सांगितले. तिने तुमच्या त्या ‘चाकावरची शाळा’ चॅनेलवर पाहिले होते. नातवाच्या दाताची बातमी आजीला गिरणीत मिळावी, इथवर आपली प्रगती झाली. असो. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. व्हिएतनामात ज्वारी मिळत नसेल तर पोरं काय खातात, हे तिने आवर्जून विचारायला सांगितले आहे. फोनवर तू माझे निम्मे ऐकतेस आणि निम्मे तुटते, म्हणून कागदावर लिहिले आणि आपल्या शाळेच्या राजेश्री मॅडमना त्याचा फोटो पाठवायला सांगितले.

आता मुद्द्याचे. बजरंग यंदा बबिताला घेऊन ऊसतोडीला गेला. तुझ्याच वर्गातला बजरंग, पाचवीत शाळा सोडून आईबापाबरोबर फडावर गेला तो. बबिता त्याची थोरली, सातवीत आहे. टोळी निघायच्या आधी मी घरोघर फिरतो आणि पोरं गावात ठेवून घेतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. आईबाप ऊस तोडायला, पोरं आजीपाशी, दुपारचे जेवण शाळेत आणि संध्याकाळी अभ्यासाला आपल्या ओसरीवर. निवृत्त झालो तरी मी ते सोडलेले नाही. बबिताही आजवर अशीच तानुबाई आजीपाशी राहिली. यंदा बजरंगच्या बायकोच्या पदरात तान्हे मूल आहे आणि ते सांभाळायला कुणीतरी हवे. ही अडचण मला नवी नाही, तिच्यावर तोडगाही निघतो. पण या वेळी बजरंग हसून म्हणाला, की गुरुजी, तुमच्या नीलमताईची लेकरं न्हाईत का मुलूखभर फिरायलीत, ती काय अडाणी ऱ्हायलीत का. ताईनंच शाळेत उभं ऱ्हाऊन सांगितलं की रस्ता हीच खरी शाळा, मग माझी पोरगी फिरली तर तुमच्या पोटात का दुखायलंय. हे त्याने चार माणसांत सुनावले. ट्रक निघून गेला.

जूनमधला प्रवेशोत्सव आठव. पहिलीच्या पोरांना फुलं देऊन वर्गात बसवायचा तो दिवस. त्या दिवशी माइक हातात घेऊन तू सांगितलेस, की चार भिंतींत शिक्षण नसते. पुढच्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या. लेक किती छान बोलते, एवढेच तेव्हा सुचले. माझे वडील सटवाजी शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षर शिकले, कारण आत यायची मुभा नव्हती. त्यांची पणतवंडे शाळेबाहेर आहेत ती आईबापाच्या हौसेने. तुमची हौस तुम्हाला लखलाभ. पण तुम्ही शाळेतून उठलात तर विमानात बसता, बबिता उठली तर चुलीपुढे बसते, एवढा फरक तुझ्यासारखीला सांगावा लागतो याचे वाईट वाटते.

एक कर. बजरंगला फोन कर. माझे नाही ऐकले, पण तुझे ऐकेल. पोरीला शाळेत पाठव, एवढेच म्हण. वार्षिक परीक्षेआधी आली तरी मॅडम तिला वर्गात बसवून घेणार आहेत.

मुलांना आशीर्वाद, सुगतरावांना जय भीम. लोभ उतू जात नसला तरी आटलेलाही नाही, तो तसाच असू द्यावा.

तुझा बाबा,
सिद्धोधन


होई आन, व्हिएतनाम
१ डिसेंबर २०२४

ती. बाबांना आणि आईला नीलमचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आईला सांगा, पोरं भात-मासे मजेत खातात, भाकरीसाठी जीव तुटतो तो माझा. तुमचं पत्र वाचून सुगत म्हणाला, की सासरेबुवांनी आपलं प्रगतिपुस्तक पाठवलंय आणि आपण सगळ्या विषयांत नापास आहोत. मला काही हसू आलं नाही.

बाबा, बजरंग त्याच्या गरजेपायी गेला. मी जूनमध्ये तोंड उघडलं नसतं तरी तो गेलाच असता. त्याला तुमचं तोंड बंद करायचं होतं, तर माझं नाव हाताशी सापडलं. तुम्ही मात्र सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलंत. दरवेळी असंच होतं.

तुम्ही शाळा म्हणता तेव्हा तुम्हाला काय दिसतं ते मला माहीत आहे. मला काय दिसतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. गुरुजींच्या पोरीचे लाड होतात असं कुणी म्हणू नये, म्हणून वर्ग चुकला की पहिली छडी मला. उत्तर बरोबर असलं तरी मलाच. घरी आल्यावर आई हाताला तेल लावायची, आणि तुम्ही शेजारी बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासत असायचात. माझ्या अर्पिताला वर्ग म्हटल्यावर आपला सुजलेला तळहात आठवू नये, एवढ्यासाठी मी तिला घेऊन फिरते आहे. इथे ती कंदील करणाऱ्या एका आजीकडे बसते, बांबू वाकवायला शिकते, बाजारात मोडक्यातोडक्या भाषेत घासाघीस करते. बारा वर्षांची मुलगी जगाला घाबरत नाही. हे शिक्षण नाही तर काय आहे?

तरी तुम्ही म्हणताय म्हणून बजरंगला फोन करते.

आईच्या गुडघ्यांना जपा. रागावलात तरी मायेत कमी करू नका, ही विनंती.

तुमची,
नीलम


पेडगाव
दि. ६ जानेवारी २०२५

चि. नीलमला सप्रेम जय भीम. वि. वि.

छडीचे लिहिलेस ते खरे आहे. त्यावर कागदावर काही लिहीत नाही, लिहून ते हलके व्हायचे नाही. कधी समोर बसलीस तर बोलू.

तू बजरंगला फोन केलास हे मला त्याच्याच तोंडून कळले. मागच्या आठवड्यात मी सांगलीकडे त्यांच्या तळावर जाऊन आलो. नको म्हणत असताना तुझ्या आईने तिळाच्या पोळ्यांचा डबा बांधून दिला होता. उसाच्या पाचटाच्या कोपी, त्यांत टोळी राहते. बबिता आईच्या आधी उठून चूल पेटवते. सगळी फडावर गेली की तान्ह्याला काखेत मारून पाणी भरते, कपडे धुते. मला पाहिल्यावर तिने आधी काय विचारले असेल, तर विज्ञानात कुठला धडा चालू हाय. पुस्तक तिने सोबत नेले होते, ते अवकाळी पावसात भिजून गेले होते.

तू बजरंगला शाळेचे बोललीच नाहीस. रोज तासभर पोरीला मोबाइलवर शिकव, असे सांगितलेस. आता तो ज्याला त्याला सांगत सुटला आहे, की नीलमताईची परवानगी हाय. ज्या दोरीने पोरगी वर काढायची, ती दोरी तू त्याच्या हाती दिलीस.

पुढचे नीट वाच. मुकादमाच्या नात्यातला चारठाण्याकडचा एक मुलगा त्यांनी पाहून ठेवला आहे. उन्हाळ्यात बबिताचे लग्न करायचे घाटते आहे. पोरीला तेरावे सरलेले नाही. मी तिला घेऊन जातो म्हणालो, तर बजरंगने सुनावले, की गुरुजी, आधी सोताच्या नातवंडांना शाळेत घाला आन् मग माझ्या पोरीला न्यायला या. मी तसाच परत आलो.

जानेवारीत तुम्ही पुण्याला सुगतरावांच्या भावाकडे येणार असे आई म्हणते. तिथून तळ दूर नाही. स्वतः जा, बजरंगला स्पष्ट सांग, आणि पोरीला गाडीत घालून पेडगावला आण. तुमच्या गाडीत एवढी जागा होईल. याउपर तुझ्याकडे काही मागणार नाही.

पोरांना पापा. बापावरचा राग पोरीवर निघू नये, इतका लोभ ठेवावा.

बाबा


पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. बाबांना आणि आईला सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे जाऊन आलो, आणि खरंच बरं झालं गेलो! दोन दिवस तळावरच तंबू ठोकून राहिलो. बजरंगने लांबूनच ओळखलं. पाचवीत मी त्याला गणितं दाखवायचे ते त्याच्या अजून लक्षात आहे. त्याच्या बायकोने चुलीवरची भाकरी आणि ठेचा वाढला, मी हावरटासारखी जेवले.

तुम्ही आता चिडणार, तरी सांगते. मला त्याला ‘तू चुकतोस’ म्हणता आलं नाही. गाडीतून उतरायचं आणि कष्ट करणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवायचं, हे मला जमत नाही, बाबा. तुम्हाला जमतं, कारण तुम्ही गुरुजी आहात. लग्नाचंही विचारलं. तो म्हणाला, अजून कशात काय न्हाई, नुसतं बोलणं हाय. तुम्ही उगाच धास्ती घेतलीत.

उलट मी वेगळंच पाहिलं. बबिताने संध्याकाळी कोपीपुढे तळावरची बारकी पोरं गोळा केली आणि राखेत बोटाने अक्षरं काढून शिकवली. अर्पिता तिच्या शेजारी बसून मराठी जोडाक्षरं शिकली. आम्ही ते सगळं टिपलं. ‘उसाच्या फडातली शाळा’ म्हणून टाकलं आहे, आईला दाखवा. लोक अक्षरशः वेडे झालेत. एका बाईंनी बबितासाठी टॅब पाठवायचं कबूल केलं आहे. तिला गावात आणून बसवलं असतं तर हे झालं असतं का?

निघताना बबिता रडली, अर्पिताही रडली. या वयात मुलींना लगेच लळा लागतो.

पेडगावला यायचं राहिलं, परवाचं विमान आहे. आईची फार आठवण येते. आमच्या भटकंतीला नावं ठेवा, पण आम्हाला परकं करू नका.

तुमची,
नीलम


गॉल, श्रीलंका
२ मार्च २०२५

ती. बाबांना सप्रेम जय भीम. वि. वि.

महिना उलटला, तुमचं उत्तर नाही. फोनवर आई नुसतं ‘बरं हाय’ म्हणते आणि ठेवते. अबोला धरलात वाटतं. बजरंगचाही फोन लागत नाही आणि टॅब घेऊन गेलेला माणूस परत आला. बबिता कशी आहे असं अर्पिता रोज विचारते, तिला काय सांगू ते तरी कळवा. तुम्ही रागावून का होईना लिहिता, याचीच मला सवय आहे. ती मोडू नका.

नीलम


पेडगाव
दि. १६ एप्रिल २०२५

चि. नीलमला जय भीम. वि. वि.

अर्पिताला काय सांगायचे ते तू ठरव. झाले ते लिहितो.

तुमचा व्हिडिओ तळावरच्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. त्याखाली परक्या माणसांनी बबिताबद्दल जे बरेवाईट लिहिले होते, ते मुकादमाच्या पोरांनी कोपीपुढे मोठमोठ्याने वाचून दाखवले. बजरंगने हाय खाल्ली. पोरगी साऱ्या मुलखाच्या नजरेत आली, आता घरात ठेवणं जोखमीचं हाय, म्हणाला. उन्हाळ्यापर्यंत थांबलाही नाही. फेब्रुवारीत तळावरच लग्न लावले. तानुबाईला नातीच्या लग्नाचा निरोप लग्न झाल्यावर आला. तिने आमच्या ओसरीवर येऊन डोके आपटून घेतले. तुझ्या आईने ते पाहिले आहे, म्हणून ती फोनवर बोलत नाही. मी पोलिसांत तक्रार दिली, तालुक्यालाही दिली. चौकशी करू म्हणाले. करतीलही.

परवा जयंती झाली आणि काल मी पोरीला बघून यावे म्हणून चारठाण्याकडे निघालो. देवगाव फाट्यावर जीपची वाट पाहत होतो, तर रसवंतीच्या सावलीत बबिताच उभी. हिरवे पातळ, ते तिला सावरता येत नव्हते. नवरा पलीकडे गाडीची चौकशी करत होता. तिने तिकडे एकदा पाहिले आणि घाईघाईने मला विचारले, की मी नीलमताईला सांगितलं व्हतं, लगीन करायलेत, गुरुजीला म्हणावं मला न्यायला या. त्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं, ताई म्हणली नक्की सांगते. मग तुमी का आला न्हाईत. मी रोज रस्त्याकडं बघायलते, म्हणाली.

नीलम, मला यातले काही माहीत नव्हते. निघताना ती रडली, एवढेच तू लिहिले होतेस. तिचे ते बोलणे तुम्ही व्हिडिओतून कापलेत, आणि पत्रातूनही कापलेत. बजरंगचा मान राखायचा होता, की बघणाऱ्यांची मजा घालवायची नव्हती, ते तुझे तुला माहीत. मी त्याच दिवशी निघालो असतो. पोलीस घेऊन गेलो असतो. बजरंगने मारले असते तरी पोरगी घेऊन आलो असतो. हे तुलाही माहीत होते.

तिला खरे सांगावे म्हणून तोंड उघडले होते. पण निरोप माझ्या लेकीने गिळला, हे वाक्य माझ्या जिभेवर येईना. मी म्हणालो, की बाळ, निरोप मिळाला होता, माझेच येणे झाले नाही. उभ्या जन्मात पोरांसमोर खोटे बोललो नव्हतो. तुझ्यासाठी बोललो. तुला वाचवायला म्हणू नकोस. मला लाज वाटली, म्हणून बोललो.

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली असती तर बरे झाले असते. तेवढ्यात नवरा आला आणि त्याने विचारले, की हे कोण. तिने पदर पुढे ओढला आणि सांगितले, की कुणी न्हाई, आमच्या गावचे म्हातारे हायेत.

मुलांना आशीर्वाद. लोभाचे या वेळी काही लिहीत नाही.

सिद्धोधन