पाच लेकरांच्या पाच घंटा

कडाव, मिती आश्विन शुद्ध ५, शके १८१७

तीर्थस्वरूप गं. भा. इंदूताईस,
धाकटा भाऊ पोपट याचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि.

यंदा भाऊबीजेला तूच कडावला येणार आणि ओवाळणीत मैना मागणार, असा तुझा निरोप पोचला. ताई, लुगडं माग, शेळी माग, पण पोर मागू नकोस. पोरांची आई गेल्यापासून पाच लेकरं मला एकट्याला आवरत नाहीत, हे तुझं म्हणणं शिमग्यापर्यंत खरं होतं. आता मी युक्ती काढली आहे.

मला ढोरं सांभाळता येतात, हे तूही मानशील. आजवर माझं एक वासरू हरवलं नाही. म्हणून पाचही पोरांच्या गळ्यात घंटा बांधल्या आहेत. सदू थोरला, त्याची पितळी. गजाची लाकडी. मैना शेंडेफळ, तिला करडाची इवलीशी. ओटीवर बसल्या बसल्या मला कळतं, कोण कणगीत उतरलं आहे आणि कोण शेजाऱ्याच्या पेरूवर चढलं आहे.

कळावे. तुझा लोभ आहेच, तो मैनेपुरता आवरावा.
तुझा पोपट


खालापूर, आश्विन शुद्ध १३

चिरंजीव पोपट यास इंदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवताना पंतोजी हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. मला हसू आलं नाही. इथल्या बाजारात कळलं की गजाला कोंडवाड्यात घातलं होतं. आपल्या घराण्यात कुणी चावडीची पायरी चढलं नाही, आणि माझा भाचा थेट ढोरांच्या तुरुंगात. त्यावर मी तुला जे बोलले ते पंतोजी कागदावर उतरवायला तयार नाहीत, तेव्हा तू समजून घे.

विधवेनं ओवाळू नये म्हणणारे म्हणोत, भाऊ माझा आहे. मी येणार आणि मैनेला नेणार. इथं घरात मी आणि एक मांजर. पोरीला वेळेवर गरम भात तरी मिळेल. ओवाळणीला नाही म्हणणारा भाऊ आपल्याकडे अजून जन्मला नाही.

लेकरांना पापा, तुला नाही.
इंदूताई


कडाव, आश्विन वद्य ४

ती. स्व. ताईस दंडवत.

कोंडवाड्याचं खरं आहे. गजा दुसऱ्याच्या पिकल्या भातात शिरला. भातात घंटा वाजली की हाकत न्यायचं, एवढंच शिपायाला ठाऊक. पावतीवर त्यानं लिहिलं, खोंड एक, रंग सावळा, शिंगं फुटलेली नाहीत. मी भांडलो, तर म्हणाला, वही ढोरांची हाय, पोराला जागा नाय. गजा मात्र खूश आहे. तिथला पेंढा आपल्या घोंगडीपेक्षा मऊ, असं सांगत फिरतो.

दुसरी गोष्ट तुला बाजारातून कळण्याआधी मीच लिहितो. परवा पोरं घंटा वासरांच्या गळ्यात बांधून नदीवर खेकडे धरायला गेली. मी चुलीपाशी. घंटा गोठ्यातून जागच्या जागी वाजतायत, म्हणून धन्य वाटलं. जेवायला हाक मारली, तर सगळी निमूट आत आली. चुलीचा धूर, डोळ्यांत पाणी. भाकऱ्या वाढल्या. सदू ताटात तोंड घालून खात होता, म्हणून नीट मांडी घाल सांगत पाठीत चापटी दिली. हाताला शेपूट लागलं.

हस हवं तर. पण मैनेला नेऊ नकोस. तिची आई गेल्यावर या घरात तिच्या घंटेएवढं गोड काही वाजलेलं नाही.

कृपा असू द्यावी.
पोपट


खालापूर, कार्तिक शुद्ध ८

चि. पोपट यास आशीर्वाद.

भाऊबीजेला तू मैनेचा हात माझ्या हातात दिलास आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलास. ते पाहूनही मी पोरीला घेऊन निघाले. वेशीबाहेर तिची घंटा सोडून पिशवीत टाकली.

इथं ती रडली नाही. जेवते, सांगेन ते ऐकते. तिन्हीसांजेला मात्र उंबऱ्यावर कान देऊन बसते. काल मी काय झालं विचारलं, तर म्हणाली, सदूदादाची घंटा ऐकू येत नाय, गजाची पन नाय, मंग मी हरवले काय गं आत्या. मी तिला जवळ घेऊन रडले. हे लिहिताना पंतोजींनाही लेखणी घटकाभर खाली ठेवावी लागली.

ओवाळणी परत करण्याची रीत नाही, आणि मी ती करणारही नाही. ओवाळणीसकट मीच येते आहे, राहायला. मांजरही येईल. चूल मी बघेन, तू वासरं बघ.

कळावे. माझ्यासाठी एक घंटा पाहून ठेव. फार मोठ्या आवाजाची नको, आता मला लांब कुठं जायचं नाही.
तुझी इंदूताई