बटणांच्या डब्यातली गोळी

प्रिय ठमे,

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझे पाय गेले, शिवणकाम बंद करतो, पायमशीन न्यायला कुणाला तरी पाठव. वाचून तू रडली असशील. मीही लिहिताना रडलो होतो, म्हणून तर शाई पसरली होती. हे पत्र मात्र निवांत बसून वाच. घाबरण्यासारखं काही नाही, तरी बसूनच वाच. सातवा महिना आहे तुझा.

त्याचं असं झालं, मला खोकल्यानं धरलं. आपले नेहमीचे डॉक्टर रजेवर, म्हणून कोपऱ्यावरच्या नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतो बोललो गं. कोलेस्टेरॉलची गोळी पाच वर्षं झोपताना घेतोय, पण माझं कुठं काही दुखतं? काही दुखत नसताना घेतो ते औषध कसलं, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी खोकला उतरला आणि मांड्या धरल्या. चार दिवसांत मशीनचं पेडल दाबवेना. मला वाटलं, झालं, आलं म्हातारपण. तुझी आई म्हणाली, "म्हातारपण काय पोस्टानं येतं, आज टाकलं न् परवा मिळालं?" आणि मला बटणांच्या डब्यासकट औषधांच्या दुकानात घेऊन गेली.

डबा कशाला, तर माझी खोड तुला ठाऊकच आहे. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या आणि एकेक गोळी बटणांसारखी याच डब्याच्या खणात टाकायची. नावांचेही तुकडे झालेले. दुकानातल्या बाईंनी ते तुकडे कडेला कड लावून जुळवले, कापड बेतावं तसे, आणि कपाळाला हात लावला. "काका, या दोघींचं एका घरात जमत नाही. खोकल्याची गोळी या कोलेस्टेरॉलच्या गोळीला शरीराबाहेर पडू देत नाही, मग ही साचते आणि स्नायूंवर उठते." त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला. रक्त तपासलं. कोलेस्टेरॉलची गोळी काही दिवस थांबवली. तेवढ्यात काळीज बंद पडेल म्हणून मी दहा-दहादा नाडी बघायचो. शेवटी आईनं हात बांधून ठेवायची धमकी दिली.

पण पाय परत आले, ठमे! खोकल्याच्या गोळ्या संपल्यावर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळीही पुन्हा सुरू केली. आता सगळ्या औषधांची चिठ्ठी माझ्या खिशात असते. तूही तुझ्या डॉक्टरीणबाईंना एकूण एक गोळी सांग, लाजू नकोस.

सोबतचं झबलं आज सकाळी शिवलंय. शिलाई बघ, कुठं पाय थांबलेला दिसतोय का? तुझं पहिलं झबलं याच मशीनवर झालं होतं, तुझ्या बाळाचं दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ द्यायचं नव्हतं मला. तेव्हा मशीन न्यायला माणूस पाठवू नकोस. पाठवलाच असशील तर येऊ दे. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं लावून परत पाठवतो. डब्यात आता नुसती बटणंच आहेत.

तुझाच, पुन्हा मशीनवर बसलेला,
बाबा