हे माझे मामा

८ जुलै
डबा उघडला आणि अख्खी खोली शिंकायला लागली. धर्माबादहून तिखट आलंय. वडील, आमचे दादा, तिथल्या मोंढ्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलतात, त्यांनी बांधलेल्या पिशवीला नुसता हात लावला तरी ठसका लागतो. नसरीन नाक धरून म्हणाली, "पल्लू, तेरे अब्बा आए देख." हॉस्टेलात कोणीही शिंकलं की तिचं हेच. परवा कॉलेजात शिकवताना सरांना शिंक आली तेव्हाही म्हणाली.

दुपारी ऑफिसात गेलो दोघी. मोफत योजना फक्त पहिल्या वर्षाची होती म्हणे. दुसऱ्या वर्षाची फी, हॉस्टेल, सगळं आपलं आपण. गेल्या वर्षी "दुर्गम भागातील लेकी विद्यापीठाच्या दारी" म्हणून पेपरात फोटो आला होता आमचा. दारी म्हणजे दारीच. आत कोण घेणार ते कोणी ठरवलंच नव्हतं.

११ जुलै
मायला फोन. फी भरायची आहे एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "बोधनचं स्थळ आजून थांबलंय बग." म्हणजे बी.एस्सी. अर्धी टाकायची, दिवाळीपर्यंत तिच्या शेजारी बसून मिरचीची देठं खुडायची आणि मग बोधनला जाऊन दुसऱ्याच्या घरी खुडायची. मरेन पण नाही जाणार. (लिहायला सोपं आहे.)

१४ जुलै
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. योजना त्यांच्याकडे आहे. लातूरचे एक क्लासवाले सर आहेत, त्यांच्या ट्रस्टकडून एकदोघींचं पूर्ण डिग्रीपर्यंत होईल म्हणाल्या. अट एकच. सरांचे वडील लहानपणीच गेले, म्हणून ते वडील नसलेल्या मुलींनाच देतात.

"तुझे वडील?"
"आहेत."
"पितात?"
"नाही."
"मारतात? दुसरं घर केलंय?"
"नाही मॅडम."

मॅडमचं तोंड इतकं उतरलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं. बरा बाप असणं एवढं नडतं हे माहीत नव्हतं.

"हे बघ, खोटं बोल असं कोणी म्हणत नाही. आईवर बोल. वडिलांचा विषयच काढायचा नाही. कागदांचं मी बघते."

मी हो म्हणाले. विचार करायला वेळ मागावा हेसुद्धा सुचलं नाही.

१९ जुलै
ट्रस्टच्या सरांसमोर करायच्या भाषणाची तालीम. नसरीनला आधी उभं केलं. ती म्हणाली, "माझे अब्बा लातूरला गंजगोलाईच्या बाजारात मशीनवर बसतात, ब्लाऊज शिवतात." मॅडम म्हणाल्या, अगं ते वगळ. ती म्हणाली, "पूरा आदमी कैसे वगळू? उनोंच तो फीस भरे बारावीकी." आणि खाली बसली.

मग मी. वर्षभर मॅडमनी आम्हाला छळछळ छळलं, 'न्हाई' नाही, 'नाही' म्हण. 'लई' नाही, 'खूप' म्हण. हाव म्हटलं की सगळ्या वर्गासमोर दहादा होय म्हणायला लावायच्या. आज मी शुद्ध बोलले तर म्हणतात, "असं पुण्याच्या बाईसारखं नको गं. तुमचं ते न्हाई, लई, तसं येऊ दे जरा." येऊ दिलं. वर्षभर दारात उभं केलेलं कुत्रं पाहुणे आले की आत बोलावतात तसं.

रात्री नसरीन बोलली नाही माझ्याशी. मीही म्हटलं, गेली उडत.

२६ जुलै
झालं. सभागृह भरलेलं. मायचे हात सांगितले, तिखटाने सोललेले, रात्री ताकात बुडवून बसते ते. सगळं खरं. ते ताक दादा मागून आणतात शेजारून, तेवढं सांगितलं नाही. "घरात कमावणारं कोन हाय, तर माय हाय," असं म्हणून थांबले. मॅडमनी थांबायला सांगितलं होतं तिथेच. सरांच्या घरच्या बाई पहिल्या रांगेत रडल्या. मला कुशीत घेतलं, चांगला वास येत होता त्यांच्या अंगाला. सर म्हणाले, आजपासून आम्ही तुझे.

टाळ्या वाजताना छान वाटलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की वाटलं नव्हतं.

माझं झालं. नसरीनचं नाव नाही.

२ ऑगस्ट
नसरीन गेली लातूरला. पेटी उचलू लागले तर "रहने दे" म्हणाली. जिन्यात थांबली. वाटलं रडेल. तर म्हणते, "तेरे अब्बा को मेरा सलाम बोल. जिंदा हुए तो." तिची जीभ म्हणजे नुसती सुरी. तिच्या कॉटवर अजून कोणी आलेलं नाही.

९ ऑगस्ट
नसरीनकडून फोटो आला, नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही. लातूरच्या चौकात फ्लेक्स लागलाय. माझं तोंड एवढं मोठं. "पितृछत्र हरपले, तरी जिद्द नाही हरली." शेजारी सर हात जोडून.

मॅडमकडे गेले. "यात तर सरळच लिहिलंय मॅडम." त्या म्हणाल्या, "लातूर लांब आहे गं. धर्माबादला कोण सांगणार?"

पाचदा तरी बघितला तो फोटो. बरा आलाय.

१३ ऑगस्ट
दादांचा फोन. आवाज नुसता उड्या मारून राहिलेला. "पल्लू, त्या सायबाच्या पाया पडून येतो म्हन्लं एकदा. आपली काय वळख, काय पाळख, आन् येवढं करून राहिले!" नको म्हटलं. परीक्षा आहे, सर नसतात, गाड्यांना गर्दी असते. जे सुचेल ते बोलले. "बरं बरं," म्हणाले. आमच्या दादांचं बरं बरं म्हणजे येणारच.

२१ ऑगस्ट
आज लिहिणार नव्हते.

सर आणि बाई हॉस्टेल बघायला आले होते. मॅडम, मी, ते दोघं, व्हरांड्यात चहा. बाईंना शिंक आली. मग सरांना. मला फाटकाकडे बघायचीही गरज पडली नाही.

दादा. धुतलेला शर्ट, पण तो वास धुऊन जात नाही. हातात तिखटाची पिशवी. वॉचमनने सोडलं कसं कोण जाणे. सरळ आमच्याकडे आले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उद्या कोणी विचारलं तर हेच खरं, त्या काही बोलल्या नाहीत.

"कोण गं हे?" बाईंनी विचारलं.

"हे माझे मामा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते माहीत नाही, चहावर साय धरली एवढं आठवतं. मग पिशवी खाली ठेवली.

"हाव. मामा हाय मी पोरीचा."

सरांनी खुर्ची दिली. चांगला माणूस आहे तो, वाईट असता तर बरं झालं असतं. त्यांना आपले वडील आठवले असणार. दादांच्या हातावर हात ठेवून विचारलं, "कशानं गेले हो हिचे वडील?"

दादा म्हणाले, "मिरचीनं. ठसका लागला आन् गेला."

"अरेरे. कधी?"

"आत्ताच की."

बाईंनी डोळे पुसले. दादा पुढे म्हणाले, कोणी विचारलेलं नसताना, "बरा मानूस व्हता. पोरीवर लई जीव." मग चहा प्याले. कप रिकामा होईपर्यंत कोणाकडे बघितलं नाही. पाया काही पडले नाहीत सरांच्या.

फाटकापर्यंत मी गेले सोबत. दादा म्हटलं हळूच. तर हसले. "सगळ्या दुनियेनं मामा बनवलं मला, तू तेवढी राह्यली व्हतीस." हसले म्हणून मीही हसले. ते लगेच थांबले. गाडीला वेळ होता, जेवून जा म्हटलं. न्हाई म्हणाले.

२५ ऑगस्ट
फी भरली गेली. पावती मिळाली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला नाव आलं. मजेत आहे मी. रोज भातावर ते तिखट घालून खाते, डोळ्यांतून पाणी येतं, कोणी विचारत नाही.

३० ऑगस्ट
मायचा फोन. इकडचं तिकडचं. मग म्हणे, "काय बोल्लीस तू ह्यांना? आल्यापासून शेजारीपाजारी सांगून राह्यलेत, पल्लू सरकारी हापिसर व्हनार. घरात मातुर येक शबुद न्हाई." काही बोलले नाही म्हटलं. तिला त्यांनी सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर
मॅडमनी बोलावलं. रविवारी लातूरला ट्रस्टचा मोठा कार्यक्रम. पुढच्या वर्षांच्या फीचं पत्र स्टेजवर देणार, आईच्या हाती. "आईला घेऊन ये. आणि हे बघ, जरा साधं यायला सांग. कुंकू, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र... समजतंय ना तुला." मी समजत नाही असं तोंड केलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं स्पष्ट. पेन टेबलावर आपटत. "एवढं केलंयस, आता कच खाऊ नको."

५ सप्टेंबर
संध्याकाळी लावला फोन. मायचाच फोन, पण दादांनी उचलला.

"कोन?"
"मी."
"हां, भाचे, बोल."

हसतील म्हणून थांबले. नाही हसले.

"मायला द्या ना."

"आरशासमोर हाय. शेजारी हळदीला निघाली, कुकू लावून राह्यली. काय सांगू तिला?"

मागे बांगड्या वाजत होत्या तिच्या. मी म्हटलं, होऊ द्या तिचं लावून. थांबते मी.