आवाजाचं वय

६ ऑगस्ट १९३४, सोमवार. पहाटे ५.
गिरणीच्या मालकांना अर्ज करावा म्हणतो. मी आवाजाच्या मेहनतीला बसतो आणि नेमका त्याच घटकेला भोंगा सुटतो. हजारो कामगार उठावेत म्हणून एका कलावंताचा सूर मोडायचा, हा कुठला न्याय? मी त्याच गिरणीच्या ऑफिसात क्लार्क असल्यामुळे अर्जाखाली सही कोणाची करावी, एवढाच प्रश्न आहे.
यंदा गणेशोत्सवात आमच्या ऑफिस क्लबचं नाटक. नायिका सुमन, वय अठरा. वीस वर्षांपूर्वी क्लबात बायकांचे पार्ट मीच करत असे. शरीर चव्वेचाळीस वर्षांचं झालं, कबूल. आवाज मात्र जिथल्या तिथे आहे. पार्ट मलाच मिळणार.
निश्चय: लोणचं बंद. तपकीर बंद. रोज अर्धा तास बारीक आवाजात बोलणं.

८ ऑगस्ट, बुधवार.
लोणचं सुरू. (ताटात वाढलेलं टाकणं बरं नव्हे.) तपकीर उद्यापासून बंद.
दार लावून सुमनची भाषणं म्हटली. बाहेर ओट्यावर दहीवाली निंगव्वा टेकली होती. आमच्या हिला म्हणाली, "बाईसाब, तुमच्या आईसाब कुर्डुवाडीवरनं कवा आल्या? आवाजावरनं वळकलं की!"
प्रूफ मिळालं. दाराआडून परक्या बाईला मी बाईच वाटलो. कुठली बाई, हा तपशील गौण.
ही पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकत होती. हवा बरी नाही.

११ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.
उद्या पार्ट वाटणार. मिशी काढून टाकली. मिशीखालून अठरा वर्षांची पोर बोलणार कशी? ही म्हणाली, "मामंजी अक्कलकोटात धडधाकट आहेत. वडील असताना कुणी मिशी काढतं का? लोक काय म्हणतील?" लोकांना कलेतलं काय कळतं.

१२ ऑगस्ट, रविवार.
आमचे डायरेक्टर यज्ञेश्वर मास्तर. शाळेत भूगोल शिकवतात. डोळे मिटून ऐकतात. माझं भाषण संपलं तरी डोळे मिटलेलेच. मग म्हणाले, "नारायणराव, बाई हुबेहूब उभी केलीत. फक्त साठीची."
सुमन मिळाली फोल्डिंग खात्यातल्या हिंदुरावला. वय वीस, गळा फाटका. तो आवाज बारीकसुद्धा करत नाही. नवऱ्यानं काही विचारलं की आधी श्वास घेतो, अर्धा सोडतो, मग उत्तर देतो. बस्स. मास्तर म्हणाले, "ही सुमन." श्वास घ्यायला कला कशाला लागते? मी जन्मापासून घेतोय.
मला आत्याबाई, सुनेला छळणारी. नाटकाच्या भल्यासाठी पत्करली. हिंदुराव आठवड्यात पळून जाईल. तोवर सुमनही तयार ठेवायची. जाताना मास्तर म्हणाले, "सुमन हवी होती तर घरच्या बाईंचा अठराव्या वर्षीचा आवाज आठवायचात."
घरी येऊन आठवून पाहिला. आला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत ही माझ्याशी काय बोलली, एक वाक्य आठवेना. बोलत असेल. मी तेव्हा तालमीला असे.

१३ ऑगस्ट, सोमवार.
हेडक्लार्कसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "केव्हा झालं?" मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी. "फार त्रास झाला का?" म्हटलं, थोडी आग झाली, तुरटी लावली. साहेब माझ्याकडे बघतच राहिले आणि अर्ध्या दिवसाची रजा दिली. कशाबद्दल, ते घरी पोचल्यावर हिनं समजावून दिलं. मग परत जाणं बरं दिसलं नसतं.

१६ ऑगस्ट, गुरुवार.
सासूबाई आल्या. रेल्वेतल्या संगप्पा गार्डनं मला स्टेशन रोडवर बिनमिशीचा पाहिला आणि बातमी कुर्डुवाडीला पोचवली. टांगा थांबायच्या आतच रडणं सुरू: "जावईबापू, पोरके झालात हो!" सारी भवानी पेठ गोळा. वडील जिवंत आहेत, दोन वेळ नीट जेवतात, हे पटवायला पाऊण तास लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अस्सं. मग मिशी काय उंदरांनी नेली?"
आल्याच आहेत तर अनंत चतुर्दशीपर्यंत राहणार.

२ सप्टेंबर, रविवार.
हिंदुराव पळाला नाही.
आत्याबाईसाठी मी पोटातून घोगरा आवाज बसवला आहे. स्वतंत्र निर्मिती. मास्तर म्हणाले, "हे सोडा. पहिल्या दिवशी निघाला होता तोच काढा. विचार न करता येतो तो." मी विचार न करता काहीही करत नाही.
घोगरेपणासाठी तपकीर दुप्पट.

१७ सप्टेंबर, सोमवार. दुपार.
आज नाटक. घोगराच लावणार. हिला आणि सासूबाईंना बायकांत पुढची जागा सांगून ठेवली आहे. सोलापूर ऐकेल.

१८ सप्टेंबर, मंगळवार.
पहिलं वाक्य घोगऱ्यात म्हटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "वाईच मोठ्यानं, अण्णा!" दचकलो, आणि दुसरं वाक्य आपोआप बाहेर पडलं: "मीठ घातलंयस का मिठागर ओतलंयस गं?" बायकांत हास्याचा स्फोट. वाक्यागणिक हशा. मात्र हसताना आमच्या पेठेतल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. सगळ्यांच्या माना एकाच जागेकडे वळलेल्या.
हिंदुरावनं श्वास घेऊन नुसतं "बरं" म्हटलं. त्याच बायकांनी पदर डोळ्यांना लावले.
मास्तरांनी मला मिठी मारली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी सुमन. ते ऐकू न आल्यासारखं करून कपड्यांच्या पेट्या मोजायला गेले.
सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी एवढं टोचून बोलते का हो?"
म्हटलं, छे, तो पार्ट होता.
"पार्ट तुमचा. शब्द पुस्तकातले. मग सगळ्या माझ्याकडं का बघत होत्या?"
हा आवाज मी आधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, सावकाश. हा मला काढता येणार नाही. ही चुलीपुढे पाठ करून बसली होती, वळली नाही.

१९ सप्टेंबर, बुधवार.
सासूबाई निघाल्या, अनंत चतुर्दशीच्या आधीच. हिनं आग्रह केला, तर "घर एकटं आहे" एवढंच म्हणाल्या. स्टेशनपर्यंत मी गेलो. बोलायला चार वाक्यं पाठ करून गेलो होतो; टांग्यात बरी वाटत होती.
तिकीट मला काढू दिलं नाही. पदराची गाठ सोडून आणे मोजले. येतानाही अशाच मोजून आल्या असतील, माझे वडील गेले म्हणून रडायला. हे मला तिथं, खिडकीपाशी उभा असताना सुचलं.
गाडी आली. त्यांचं गाठोडं फळीवर ठेवताना येण्याच्या भाड्याचे बारा आणे लुगड्याच्या घडीत सरकवले आणि खाली उतरलो.