ताईच्या शब्दावर

प्रिय ताई,

अळ्यांच्या खोलीची किल्ली तुझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवली आहे. माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंना सगळं दाखवून झालं. पानं धुतल्यावर कोरडी पुसूनच डब्यात घालायची, नाहीतर बुरशी धरते आणि अख्खी पिढी आडवी होते, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या हसल्या. मला शिकवताना तूही असाच पिच्छा पुरवायचीस आणि मी मनात म्हणायचे, ही बाई घरच्या पोरांना तरी एवढी जपते का.

मी या देशात उतरले तेव्हा तू तुझा जुना कोट घेऊन विमानतळावर उभी होतीस. पहिले काही दिवस मी तुला मॅडम म्हणत होते. तू वैतागून म्हणालीस, "मॅडम गेली खड्ड्यात, ताई म्हण." मग मी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत ताई, ताई करत फिरू लागले. इथल्या लोकांना ते तुझं घरचं नावच वाटलं आणि विभागप्रमुखसुद्धा तुला ताई म्हणू लागले. किती हसलो होतो आपण. भिंगरी हे माझं नावही तूच पाडलंस, मी एका जागी बसत नाही म्हणून.

व्हिसाचे नियम बदलणार अशी बातमी आली, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बाहेरून आलेल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मुदत वाढवायची तर साहेबानं आपल्या माणसासाठी स्वतः अर्ज करायचा, तोही ठरलेल्या तारखेच्या आत. तारीख हुकली की सामान बांधायचं. माझी साहेब तूच, म्हणून मी एकटीच निवांत जेवत होते. नदीपलीकडच्या विद्यापीठानं मला बोलावलं होतं, अर्जही लगेच करतो म्हणाले होते. जाऊ का म्हणून तुला विचारलं, तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "वेडी की काय? मी आहे ना." तेवढ्यावर मी त्यांना नकार कळवला.

पुन्हा तुला विचारलं नाही. एकदा ताई म्हटल्यावर काय विचारायचं? थोरल्या बहिणीला आठवण करून देणं म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असं सांगणं, हे आपल्या अंगातच मुरलेलं. शेजारच्या प्रयोगशाळेतला तो दाढीवाला रोज सकाळी साहेबाच्या दारात उभा राहून अर्जाचं काय झालं विचारायचा. मी त्याला चिकटपट्टी म्हणायचे. चिकटपट्टी राहिला, मी निघाले.

तू अर्ज केलाच नाहीस हे तारीख उलटल्यावर मला कळलं, तेही तुझ्याच घरी जेवताना. भावोजी नेहमीसारखे गप्पांत रंगले होते. म्हणाले, "बरंच झालं म्हणायचं. तू जरा आईजवळ राहशील. आमच्या वकिलानं बजावलंच होतं, हिचं नागरिकत्वाचं काम होईपर्यंत कुणाच्या अर्जावर सही नको, उगाच चौकशी मागे लागते." बिचाऱ्यांना वाटलं, तू मला सांगितलं असेल. तू गॅस बंद करायच्या निमित्तानं आत गेलीस. गॅस बंदच होता, ताई. बाहेर यायला तुला फार वेळ लागला.

तुझी भीती मला कळते. इतकी वर्षं इथे घालवूनही सरकारी पाकीट आलं की तू ते स्वतः न फोडता भावोजींच्या हातात देतेस, हे मी पाहिलं आहे. तू नाही म्हणाली असतीस तर मी दोन दिवस रुसले असते, नदीपलीकडे गेले असते आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला आले असते. पण तू रोज माझ्या टेबलाशी थांबलीस, अळ्यांची चौकशी केलीस आणि तारीख जाऊ दिलीस. केसानं गळा कापणं मी आजवर नुसतं ऐकून होते. सहा वर्षं वाढवलेला माझा अळ्यांचा वाण आता दुसऱ्या कुणाच्या हातून पूर्ण होईल. परत येता येईल की नाही कोण जाणे. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ताईची काहीतरी अडचण असेल गं. मला तिच्यापाशी धड रडताही आलं नाही.

काल नागरिकत्वाच्या कार्यालयातून फोन आला. तुला जवळून ओळखणारी म्हणून तू माझं नाव दिलं आहेस, हे मला तेव्हा कळलं. पलीकडच्या बाई मोठ्या अदबीनं बोलत होत्या. किती वर्षांची ओळख, स्वभाव कसा, शेजाऱ्यांशी पटतं का. शेवटी त्यांनी विचारलं, शब्दाची पक्की आहे का? मी उघड्या बॅगांमध्ये उभी होते. खरं बोलले असते तर तुझं काम तिथेच अडलं असतं, आणि खरं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी बाई आहे. त्यांनी ते टिपून घेतलं. तुझं काम होईल. पण हे तुझ्या कानावर गेलं की भिंगरीनं मनातलं काढून टाकलं असं तुला वाटेल, आणि तू मला जवळ घ्यायला विमानतळावर येशील. म्हणून हे लिहिते आहे. मी त्यांच्याशी खोटं बोलले, ताई. तू येऊ नकोस.

'तुझीच' लिहवत नाही,
भिंगरी